काकू समुद्राकाठी राहायला गेल्या

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या मळवलीच्या बंगल्याच्या मालकीणकाकू कायमच्या कोकणात गेल्या. आईबाबा त्या बंगल्याची राखण करतात. गेटजवळच्या खोलीत आम्ही राहतो, माझा जन्मही तिथलाच.

काकू वाईट नाहीत हो. मी घरातली पहिली पदवीधर झाले, तेव्हा पेढे त्यांनीच वाटले. पण शनिवार-रविवार आजूबाजूला स्पीकर दणाणतात, त्यांना झोप लागत नाही. म्हणून समुद्राकाठच्या लहानशा गावात घर घेतलं. "आता सावकाश जगायचं गं," म्हणाल्या.

बंगला विकला गेलाय. नवे मालक स्वतःची माणसं आणणार आहेत. महिनाअखेर आम्हाला खोली सोडायची आहे.

बाबा सकाळपासून काकूंचा मोगरा, अनंत खणून काढत होते.

"मारुती, मुळांची माती पडू देऊ नकोस हं. नाहीतर तिकडे झाडं जगायची नाहीत."

"न्हाई पडायची, बाई," म्हणत बाबांनी एकेक झाड गोणपाटात बांधलं.

"पोरीला बी येवढं जपलं न्हाई तुमी," आई हसली. टेम्पो निघताना मात्र तीच तांब्या घेऊन धावली. मी चिडले, तर म्हणाली, "लांब जायाचंय त्यास्नी. झाडं सुकत्याल गं."

आता बाबा रिकामे खड्डे बुजवतायत. कुणी सांगितलेलं नाही.

शांत जागी राहायला गेलेल्यांनो, खरं सांगा, निघताना राखणदाराला "आता तुम्ही कुठे जाणार?" असं विचारलं होतंत का?

काकूंनी विचारलं नाही.