ठिपकीची तपासणी

माझा मामा वजनमापे तपासनीस होता. एकतीस वर्षं त्याने दुकानदारांचे तराजू तपासले आणि एकाही दुकानात चहा घेतला नाही. घेतला असता तरी कप मापून बघितला असता, त्यामुळे कुणी आग्रहही केला नाही. घरी तेच. दूध लिटरभरच आहे का, पावाचं वजन छापलंय तेवढं भरतं का, पाहुणे दहा मिनिटांत येतो म्हणाले तर दहाच मिनिटांत आले का. अशा माणसाबरोबर मामीने छत्तीस वर्षं संसार केला आणि तिचं डोकं ठिकाणावर राहिलं, याचं श्रेय तिला कुणी दिलं नाही. आमच्या घराण्याने तिला एकच गोष्ट हात सैल सोडून दिली. दोष.

त्यांना मूल झालं नाही. लग्नानंतर चौथ्या वर्षी मामी एकटी डॉक्टरकडे जाऊन तपासून आली. मामा गेला नाही. "मला काय धाड भरलीये?" म्हणाला, आणि विषय संपला. मामीच्या तपासणीत काय निघालं हे नातेवाइकांपैकी कुणी विचारलं नाही, कारण निकाल आधीच लागला होता. तो माझ्या आईने लावला होता. आई म्हणजे मामाची थोरली बहीण. तिने लावलेल्या निकालावर आमच्याकडे अपील नसतं. "हिच्यातच दोष आहे, माझा भाऊ बिचारा," हे ती मामीच्या देखत म्हणायची. मामी ऐकून घ्यायची आणि कपबशा उचलून आत जायची. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले ती आजतागायत तिथेच आहे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते. म्हणजे वीस वर्षं मी हे समोर बघत होते आणि मूग गिळून बसले होते. त्याची मला लाज वाटते.

आता ठिपकी. आमची मागची भिंत आणि शेजाऱ्यांची भिंत यांच्यामध्ये चार फुटांचा बोळ आहे. तिथे ऊन म्हणून येत नाही. तिथे मामीने फार पूर्वी एक झुडूप लावलं. बारा महिने हिरवं, चकचकीत पानं, आणि पानांवर पिवळे ठिपके, रंगाऱ्याने जाता जाता ब्रश झटकावा तसे. नाव ऑक्युबा. मामी त्याला ठिपकी म्हणते. ज्यांनी रोप दिलं त्यांनी सांगितलं होतं की थंडीत याला लालबुंद, टपोरी फळं लागतात. मामीने लगेच बोळाकडच्या खिडकीचा पडदा काढून टाकला, फळं दिसावीत म्हणून. ती खिडकी मग उघडीच राहिली. फळं काही आली नाहीत.

झाड मात्र असं ठेवलं होतं की बघत राहावं. मामी पानं ओल्या फडक्याने पुसायची. मुळाशी पाणी साचू द्यायची नाही. छाटणी मोठ्या कात्रीने कधीच नाही, कारण त्या कात्रीने पानं अर्धवट कापली जातात आणि कडा करपल्यासारख्या तपकिरी होतात. ती एकेक फांदी आतपर्यंत हात घालून, छोट्या कात्रीने बेतून काढायची. मामाचं योगदान एवढंच, की एकदा मामीने ठिपकीच्या फांदीपासून कुंडीत केलेलं एक रोप त्याने "बिचारीला जरा ऊन मिळू दे" म्हणून पुढच्या पायरीवर नेऊन ठेवलं. आठवड्याभरात पानं काळी पडली. मामाने निष्कर्ष काढला की झाडाची प्रकृतीच नाजूक आहे.

निवृत्त झाल्यावर मामाला तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्याने ठिपकीची फाइल उघडली. खरोखरची फाइल, दोरीवाली. त्याचं म्हणणं, एकाच झाडावरून अनुमान काढणं चूक, नमुना वाढवला पाहिजे. मग त्याने ठिपकीच्या फांद्या मातीत खोचून पंधरा रोपं केली. सगळी जगली. बोळात सोळा ठिपक्या ओळीने उभ्या राहिल्या, शेजाऱ्यांना वाटल्या त्या वेगळ्याच. मामा रोज सकाळी ओळीसमोरून फिरायचा आणि फाइलमध्ये लिहायचा, "फळ नाही." पाच हिवाळे त्याने हे लिहिलं. सोळा झाडांचं वेगवेगळं लिहिलं.

पाचव्या हिवाळ्याच्या शेवटी, जेवताना, त्याने निर्णय सांगितला. "पुढच्या रविवारी सगळी उपटतो. वांझ झाडं आहेत. उगीच जागा अडवून बसलीयेत."

मामीच्या हातातला डाव तसाच राहिला. मला वाटलं, ही आता उठून आत जाणार. ती उठली नाही.

"हा शब्द माझ्या घरात पुन्हा काढायचा नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मी घास खाली ठेवला. "तुमच्या बहिणीकडून ऐकलाय तेवढा पुरे. झाड मी लावलंय. त्याच्यात दोष आहे असं एखाद्या जाणत्या माणसाने सांगू दे, मी स्वतः उपटून देते. तोपर्यंत हात लावायचा नाही."

मामाने मान खाली घालून भात संपवला. त्या रविवारी तो एक फांदी फाइलमध्ये घालून मला स्कूटरवर मागे बसवून नर्सरीत घेऊन गेला. फांदीच्या टोकाला बारीक जांभळट फुलं होती. फुलं येतात हे त्याच्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

नर्सरीवाल्याने भिंग लावून फूल बघितलं आणि विचारलं, "नर झाड कुठंय?"

"नर?" मामा म्हणाला.

"साहेब, यांच्यात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. ही मादी आहे. नर जवळ नसेल तर फळ कुठून येणार?"

"अहो, पण सोळा झाडं आहेत!"

"कुठून आणली?"

"एकाचीच केली. फांद्या लावून."

नर्सरीवाला इतका हसला की त्याला कुंडीच्या काठावर बसावं लागलं. "मग सोळा कसली, साहेब! एकच बाई सोळा ठिकाणी उभी केलीत तुम्ही! बाई ठणठणीत आहे हो. एवढी वर्षं नुसतं तिलाच बघत बसलात, दुसऱ्या बाजूचं कुणी तपासलंच नाही?"

तो बिचारा झाडाबद्दल बोलत होता. मामाचा चेहरा मात्र उतरला. त्याने एक फुलावर आलेलं नराचं रोप घेतलं. येताना मी ते मांडीवर धरून बसले होते. एरवी वाटेत प्रत्येक सिग्नल किती सेकंदांचा आहे ते मोजणाऱ्या माणसाने त्या दिवशी एकही सिग्नल मोजला नाही.

रोप त्याने स्वतः लावलं, मामीने सांगितलं तिथे, सांगितलं तेवढ्या खोल. पुढे माश्या आणि किडे काय करायचं ते करून गेले. उन्हाळ्यात ठिपकीवर हिरव्या गाठी दिसल्या आणि थंडी पडल्यावर त्या लाल झाल्या. पहिल्या ठिपकीवर आणि नराच्या जवळच्या चौघींवर. मामी खिडकीशी उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती. मामाने फाइल उघडलीच नाही. तो तिच्याकडे बघत होता.

पुढच्या सोमवारी मी लॅबच्या खिडकीत बसले होते. रांगेत तिसरा मामा. पुढच्या दोघांना सोडून त्याला आधी बोलवावं तर तो ऐकणार नाही, म्हणून थांबले. नंबर आल्यावर त्याने डॉक्टरांची चिठ्ठी सरकवली. मी वाचली. पुरुषाची वंध्यत्व तपासणी. वय चौसष्ट.

"मामा," मी कुजबुजले, "आता कशाला?"

"राहून गेली होती," तो म्हणाला. मग मोठ्याने, "तुमचा मायक्रोस्कोप शेवटचा कधी तपासलाय?"

मी काम दुसऱ्या टेक्निशियनकडे दिलं आणि स्टोअररूममध्ये जाऊन रडून आले. मामाने ती तपासणी दोनदा करायला लावली. दोन्ही वेळा शुक्राणूंचा आकडा शून्य. डॉक्टर म्हणाले, वयाने आकडा कमी होतो, पण एकदम शून्य म्हणजे हे बहुधा तरुणपणापासूनचं असणार. वयात येताना गालगुंड फार झालं होतं का, त्याने असं होऊ शकतं. झालं होतं.

घरी येऊन त्याने दोन्ही कागद मामीसमोर ठेवले. तिने चष्मा लावून वाचले, घडी केली आणि म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"चौथ्या वर्षापासून. माझं सगळं व्यवस्थित आहे, नवऱ्याला घेऊन या, असं सांगितलं होतं. तुम्ही आला नाहीत."

"मग ताई बोलायची तेव्हा तिला सांगायचं नाहीस?"

"सांगून तुमची मान खाली घालू? लोकांचे तराजू तपासायला जायचात तुम्ही." ती थांबली. "चुकलंच माझं. घालायला हवी होती. फार लागायचं हो मला ते."

मामा रडला. आवाज न करता, टेबलाची कड धरून. मग तोंड धुऊन आला, फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि माझ्या आईला लावला.

"ताई, मध्ये बोलू नकोस. मूल झालं नाही तो दोष माझ्यात होता. तिच्यात नव्हता. माझ्याकडे लेखी आहे."

"आता या वयात काय हे भलतंच?"

"तू इतकी वर्षं जे बोललीस ते खोटं होतं. मी ते बोलू दिलं, ते त्याहून वाईट. ती इथेच बसलीये. काय म्हणायचंय ते म्हण."

आईने फोन ठेवला. मग पंधरा मिनिटांनी तिचाच आला आणि ती मामीशी बोलली. काय बोलली ते मी सांगणार नाही, पण माझ्या आईला ते जमेल असं मला वाटलं नव्हतं.

त्यानंतर मामाने चुलतभावाला फोन लावला, मग वहिनीला. प्रत्येकाला तीच तीन वाक्यं. तिसऱ्या फोननंतर त्याचा आवाज बसला. मी मामीकडे बघितलं. म्हटलं, आता ही म्हणणार, पुरे झालं, राहू दे.

मामीने खुर्ची ओढून त्याच्या शेजारी घेतली, नंबरांची वही उघडली आणि बोटाने यादीवरून खाली आली.

"आता धाकट्या काकू," ती म्हणाली. "त्यांनी दोनदा ऐकवलं होतं." आणि ती नंबर सांगायला लागली.