ओठ हलवायचे नाहीत

"पुन्हा हलले तुझे ओठ," धाकटी म्हणाली आणि हातातला कंगवा तिने टेबलावर आपटला.

ताईने ओठ घट्ट मिटून घेतले. सकाळपासून मुलाखतीची ही तालीम चालली होती. स्वयंपाकघरातलं टेबल ओढून मधोमध आणलेलं, एका बाजूला उमेदवार म्हणून ताई, दुसऱ्या बाजूला साहेब म्हणून धाकटी. धाकटी एरवी बायकांचे केस कापते. खुर्चीत अडकवून ठेवलेल्या माणसाला भलभलते प्रश्न विचारण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, त्यामुळे साहेब व्हायला तिला काहीच कष्ट पडले नाहीत. पंचाईत ताईची होती. प्रश्न विचारताना धाकटी जरा कुठे अडखळली, की पुढचे शब्द ताई पुरवायची. आवाज न करता, नुसत्या ओठांनी, आणि तिचा तिलाही पत्ता नसताना.

"त्यांना वाटेल, बाई चेष्टा करतेय आपली."

"सवय आहे गं माझी."

"सवयीनेच घात केला ना तुझा? त्या दिवशी गप्प बसली असतीस तर आज ही वेळ आली असती का?"

बोलून गेल्यावर धाकटीने जीभ चावली. पण शब्द मागे घ्यायचं तिला जमलं नाही. या घराण्यात ते कुणालाच जमत नाही. ताई उठली आणि इस्त्री झालेल्या साडीवर उगाचच पुन्हा इस्त्री फिरवू लागली.

ताई नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. म्हणजे पडद्याआड, विंगेत एका स्टुलावर बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगायची. तरुण वयात शिकाऊ म्हणून त्या स्टुलावर बसली आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिली. सगळी कंपनी तिला कुजबुजताई म्हणे. तिची कुजबुज अशी, की ज्याच्यासाठी असेल त्याच्याच कानात पडावी आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला पंख्याची घरघर तेवढी ऐकू यावी. लोकांना वाटतं, त्यात काय मोठं, समोर लिहिलेलं वाचायचं. खरं काम वाचण्याचं नसतंच. नट गप्प झाला की तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे ओळखायचं असतं, आणि ओळखायला वेळ असतो एका श्वासाएवढा. मुद्दाम थांबलेल्याला वाक्य सांगितलं तर तो तुमचा गळा धरेल. विसरलेल्याला नाही सांगितलं तर प्रेक्षक त्याचा धरतील.

ताई हे हातांवरून ओळखायची. थांबलेल्या नटाचे हात शांत असतात. विसरलेल्याची बोटं चाळवतात, जवळ जे असेल त्याला चाचपत राहतात.

आणि तरीही ती चुकली. निदान सगळे तसं म्हणाले. कंपनीचे मुख्य नट जन्मभर राजाचीच कामं करत आले होते, म्हणून त्यांना सगळे महाराज म्हणत. गेल्या हंगामात शेवटच्या अंकात, ऐन रंगात आलेल्या प्रवेशात, महाराज अचानक थांबले. ताईला त्यांची पाठ दिसत होती आणि अंगरख्याच्या शिवणीशी खेळणारा एक हात. तिने वाक्य सांगितलं. महाराजांनी ते घेतलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, आणि ते पहिल्या दोन-तीन रांगांना ऐकू गेलं. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं नाट्यगृह हसलं.

"मी विसरलो नव्हतो! थांबलो होतो!" पडदा पडल्यावर महाराज सगळ्यांदेखत कडाडले. "या बाईला थांबणं आणि विसरणं यातला फरक कळत नाही, आणि ही इथे बसते!"

महाराजांच्या शब्दापुढे कंपनीत कुणाचं काही चालत नसे. दुसऱ्या दिवशी ताईचं स्टूल रिकामं झालं. नोकरी गेली त्यापेक्षा तिला दुसरंच खात राहिलं. त्यांचा तो हात तिने खरंच पाहिला होता, की तिच्या मनाचेच खेळ होते? या प्रश्नाने तिची झोप उडाली. धाकटीसुद्धा तेव्हा म्हणाली होती, "कशाला मधे तोंड घालायला गेलीस? एवढा मोठा माणूस विसरेल का?"

आणि मग गेल्या आठवड्यात दादा आला. दादा म्हणजे दोघींचा थोरला भाऊ. तो आला की आधी खुर्ची पुसतो, मग बसतो आणि मग तुमच्या आयुष्याचा निकाल लावतो. "मागची खोली रिकामी केलीय तुझ्यासाठी," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीची आई अंथरुणाला खिळलीय, घरात आणखी दोन हात असले तर बरंच. इथे एकटी राहून काय करणार? महिनाअखेरीला जागा सोडतेय म्हणून घरमालकिणीशी बोलून ठेवलंय मी."

ताईला विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. भाड्याच्या या दोन खोल्यांतला संसार तिने स्वतःच्या कमाईवर उभा केला होता. खिडकीतली कुंडी तिची, पडदा तिच्या आवडीचा, दाराची किल्ली तिच्या पर्समध्ये. दादाकडे गेल्यावर तिच्याकडे कसलीच किल्ली असणार नव्हती. घरमालकीण भली, ती म्हणाली, "नोकरी लागली तर राहा खुशाल." म्हणून आजच्या मुलाखतीवर सगळं येऊन ठेपलं होतं. इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर बाई हवी होती. आलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं आणि त्याला योग्य दाराशी पाठवायचं, एवढंच काम.

"पुन्हा विचारते," धाकटी म्हणाली. "आधीची नोकरी का सोडलीत?"

"तब्येतीच्या कारणाने."

"असं मेल्यासारखं नको सांगूस. तब्येत आता ठणठणीत आहे, हेही लगेच सांग. आणि ही घे." तिने पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी पुढे केली. "आत जाताना एक गालात धर. ते बोलत असताना चघळायची नाही, फोडायची नाही, नुसती जिभेखाली दाबून ठेवायची. तोंड आपोआप बंद राहील."

इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात दोघी बाकावर बसल्या. बाकी उमेदवार तरुण, चटपटीत, मांडीवर गुळगुळीत फायली. समोरच्या चौकशीच्या खिडकीवर तात्पुरता बसवलेला एक शिपाई होता आणि त्याच्यापुढे एक म्हातारा. म्हाताऱ्याला काहीतरी विचारायचं होतं, शब्द सापडत नव्हता. "ते... ते हे काढतात ना... छातीचं..." शिपाई छताकडे बघत होता.

ताईचे ओठ हलले. धाकटीने तिला कोपराने ढोसलं.

"खरंच नाही गं जमत मला," ताई म्हणाली.

"जमवायचं. नाहीतर बस जाऊन वहिनीच्या आईपाशी."

ताईचं नाव पुकारलं गेलं. तिने गोळी गालात धरली आणि आत गेली.

टेबलामागे तिघं होते. मधे इस्पितळाचे मोठे डॉक्टर, पांढऱ्या भुवयांचे, ताठ कण्याचे. डावीकडे मेट्रनबाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. उजवीकडे कार्यालयाचे हेडक्लार्क. पहिले प्रश्न सोपे गेले. मग मेट्रनबाईंनी विचारलं, "इतकी वर्षं एका ठिकाणी काढलीत आणि मग एकदम नोकरी सोडलीत. का?"

"तब्येतीच्या कारणाने," ताई म्हणाली. ठणठणीत म्हणायचं राहूनच गेलं. मेट्रनबाईंनी चष्मा काढला. खोटं बोलणाऱ्या माणसांशी त्यांचा रोजचाच संबंध असावा. बाजी हातची गेली, हे ताईला कळून चुकलं.

कदाचित तिची कीव येऊन असेल, मोठे डॉक्टर मधे बोलले. "बाई, काम काय आहे ते मी सांगतो. या खिडकीशी येणारा माणूस घाबरलेला असतो. त्याला लगेच माहिती विचारायची नाही. आधी त्याला बसायला..."

ते थांबले.

ताई बघत होती. हेडक्लार्कांनी समोरच्या कागदात डोकं घातलं. मेट्रनबाई चष्मा पुसू लागल्या, पुसलेला होता तरी. दोघांना याची सवय होती, आणि दोघांपैकी कुणीही हूं की चूं करणार नव्हतं.

"बसायला," डॉक्टर पुन्हा म्हणाले, "एक... बसायला..."

थांबलेत की विसरलेत? धाकटीने बजावलं होतं. महाराज सगळ्यांदेखत कडाडले होते. एवढा मोठा माणूस विसरेल का? मुद्दाम थांबले असतील तर संपलंच सगळं, आजच किल्ली घरमालकिणीच्या हातात द्यायची. गोळी जिभेखाली दाबून ती गप्प बसली. तिने डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं आणि नजर आपसूक त्यांच्या हाताकडे गेली.

डॉक्टरांची बोटं स्वतःच्याच खुर्चीच्या हातावरून फिरत होती. लाकूड चाचपत होती, सोडत होती, पुन्हा चाचपत होती. ज्या वस्तूचं नाव हवं होतं तीच हाताखाली होती, आणि नाव येत नव्हतं. असाच एक हात अंगरख्याच्या शिवणीवरून फिरताना तिने पाहिला होता. अगदी असाच.

ताईने मान किंचित वळवली, खिडकीकडे बघितलं, आणि श्वासाएवढ्या आवाजात म्हणाली, "खुर्ची."

मेट्रनबाईंचं पुसणं चालूच राहिलं. हेडक्लार्कांनी पान उलटलं. त्या दोघांपर्यंत काही पोचलंच नव्हतं.

"खुर्ची," डॉक्टर म्हणाले. "आधी त्याला बसायला खुर्ची द्यायची."

आता ते वाक्य पुढे नेतील, ताईला वाटलं. नट तसंच करतात. वाक्य उचलतात आणि विंगेकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि नंतर भेटले तर ओळखही दाखवत नाहीत. पण डॉक्टर तिच्याकडेच बघत होते.

"आभारी आहे, बाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हल्ली साधेसाधे शब्द हरवतात माझे. या दोघांना माहीत आहे, पण ते मला सांभाळून घेतात, म्हणजे खाली बघतात." हेडक्लार्क लाजून लाल झाले. "मेट्रनबाईंचा प्रश्न मी पुन्हा विचारतो. नोकरी का सोडलीत?"

ताईने गोळी कडकन फोडली.

"सोडली नाही. काढलं मला. आमचे मुख्य नट वाक्य विसरले, ते मी सांगितलं. ते म्हणाले, विसरलो नव्हतो, थांबलो होतो."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

सकाळी कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, काय की बाई, माझंच चुकलं असेल. महिनोन्‌महिने ती हेच म्हणत आली होती.

"विसरले होते," ताई म्हणाली. कुजबुजत नाही, चांगल्या खणखणीत आवाजात. इतक्या मोठ्याने आपण बोलू शकतो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

तिला बाहेर थांबायला सांगितलं. उरलेले उमेदवार आत गेले, बाहेर आले, निघून गेले. धाकटी नखं कुरतडत बसली होती आणि ताईने तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं. शेवटी मेट्रनबाई स्वतः व्हरांड्यात आल्या. "सोमवारपासून या, सकाळच्या पाळीला. आणि पुन्हा मला तब्येतीचं कारण सांगू नका," एवढं बोलून त्या चालायला लागल्या.

धाकटीने आनंदाने ताईचा दंडच पकडला. "बघ! ओठ नाही हलवलेस ना? सांगत होते मी!"

"हलवले," ताई म्हणाली.

आणि मग तिला रडू कोसळलं. नोकरी लागली म्हणून नाही, दादाची मागची खोली टळली म्हणूनही नाही. "ते विसरलेच होते गं," ती हुंदके देत म्हणाली. "महाराज. मी बरोबर पाहिलं होतं. माझं चुकलं नव्हतं."

धाकटीचा हात ताईच्या दंडावर तसाच राहिला. तिला काहीतरी बोलायचं होतं. "ताई, मी तेव्हा..." ती म्हणाली आणि अडली. "मी तुला तेव्हा..." तिची बोटं ताईच्या साडीचा काठ चाचपू लागली.

पुढचं वाक्य ताईला ठाऊक होतं. पण तिने डोळे पुसले, ओठ मिटले आणि धाकटीला ते स्वतः आठवेपर्यंत ती वाट बघत बसली.