गिऱ्हाइकाला परत पाठवणारा

“मरायचंय का तुला? सरळ सांग. जीव द्यायचाय?”

बाजाराच्या दिवशी, भर उन्हात, औषधाच्या दुकानदारानं माझ्या नातीचं मनगट धरून हे विचारलं. औषध म्हणजे पिकावर फवारायचं. दुसऱ्या हातानं त्यानं तिच्या कुडत्याची बाही कोपरापर्यंत वर सारली होती. मी समोरच रस्त्याच्या कडेला मेथीच्या जुड्या मांडून बसले होते. सोळा वर्षांची पोर, आणि हा साठीला आलेला बाप्या तिचा हात धरतो. जुड्या तशाच टाकून मी उठले, पायातली चप्पल काढली आणि काउंटरच्या आत शिरून त्याच्या तोंडावर दोन ठेवून दिल्या.

त्यानं मार चुकवला नाही. हातही सोडला नाही.

“मार म्हातारे, अजून मार. पर आधी हिचा हात बघ.”

मी पाहिला. खुणा होत्या. काही जुन्या, वाळलेल्या, काही ओल्या. काट्यानं ओरबाडलेलं आणि माणसानं स्वतःच करून घेतलेलं यातला फरक शेतात जन्म काढलेल्या बाईला सांगावा लागत नाही.

“आन् काय मागाया आली व्हती तेबी इचार,” तो म्हणाला. “बापानं पाठवलंय म्हणती. शेवंतीवर मावा पडलाय म्हणती. अगं, तुमची शेवंती मोडून रान नांगरलंय, मला म्हाईत न्हाई व्हय?”

“पोरीला असलं अभद्र इचारतोस? जळलं तुझं तोंड!”

“इचारल्यानं कुणी मरत न्हाई. तू गप बस.”

मग त्यानं तिचं मनगट सोडलं, तिला खताच्या गोणीवर बसवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, पण हळू. पोरीनं मान खाली घातली आणि म्हणाली, “रोज वाटतं.”

बाहेर माझ्या जुड्यांना एक शेळी लागली होती. मला ती दिसत होती. मी उठले नाही.

हा माणूस मला कधी आवडला नाही. तो मेल्यावरही आवडत नाही. माणूस गेला की त्याला देव करायची आपल्याकडं रीत आहे, ती मी पाळणार नाही. तो तिरसट होता. सोसायटीच्या निवडणुकीत आमच्या भावकीविरुद्ध बोंबलत फिरला होता. चहा पाजायचा तोही उपकार केल्यासारखा. आणि त्याचं दुकान हे दुकान नव्हतं, पोलीस ठाणं होतं. गिऱ्हाईक आलं की विचारायचा, “कुणी पाठवलं? पिकाला काय झालंय? फवारणार कोण?” उत्तर अडखळलं की माल नाही. बायकांना आणि कॉलेजच्या पोरांना तर घरी फोन लावल्याशिवाय द्यायचाच नाही. माझ्या मुलाला एकदा भर दुकानात म्हणाला होता, “तुझ्या झेंडूला औषध नको, तुला अक्कल पायजे.” दुकानात पार खुटबावसारख्या लांबच्या गावाहून आलेले लोक हसत होते. मुलगा घरी येऊन जेवला नाही.

पुढं समोरच दुसरं दुकान निघालं, तिथं मागेल त्याला मिळायचं. अर्धी गिऱ्हाइकं तिकडं गेली. यानं प्रश्न सोडले नाहीत.

आणि तो खुळा होता. हे मी म्हणत नाही, सगळं गाव म्हणायचं. तुम्हीही असलं एखादं माणूस पाहिलं असेल. एखादं वर्ष असं यायचं की दुकानाला गुलाबी रंग देईल, वांग्याची रोपं फुकट वाटील, देवळाच्या भोंग्यावरून भर दुपारी ठिबक सिंचनावर भाषण ठोकील. डोळ्याला डोळा नाही, तोंडाला दम नाही. मग शटर खाली. पंधरा-पंधरा दिवस कुणाला दिसायचा नाही. बायको दारातून सांगायची, “तब्येत बरी न्हाई.” लोक म्हणायचे, “गेला याचा फ्यूज.” मीही म्हणायचे.

त्या दिवशी त्यानं बाजाराच्या ऐन गर्दीत शटर ओढलं. मला म्हणाला, “पोरीला एकटं सोडायचं न्हाई. संडासला गेली तरी दाराशी उभं ऱ्हायचं.” आणि आम्हा दोघींना पिकअपमध्ये घालून दौंडच्या दवाखान्यात नेलं. वाटेत पोरगी म्हणाली, “मामा, तुम्हाला कसं कळलं?” त्यानं गाडी चालवता चालवता स्वतःच्या शर्टाची बाही वर केली. उन्हाळा असो, पावसाळा असो, हा माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, हे मी इतकी वर्षं समोर बसून पाहत होते. ऐट करतो, असं मला वाटायचं.

“तुझ्यायेवढा व्हतो,” एवढंच म्हणाला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी त्यालाच झापलं. “भर बाजारात मुलीची बाही वर करतात का? बाजूला नेऊन विचारायचं.” मला बरं वाटलं. तो म्हणाला, “चुकलं. पर ती पळाली असती.”

मी चौथी शिकले. आजार म्हणजे ताप, हगवण, मोडलेलं हाड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनाचाही आजार असतो, त्यात माणूस कधी फार वर जातं, कधी फार खाली. वय वाढीचं असलं की घरच्यांना वाटतं, पोर थेरं करतंय. आमचं तसंच झालं होतं. दिवाळीनंतर पोरगी झोपायची नाही, पहाटे उठून घर सारवायची, एका दमात दहा गोष्टी सांगायची. आम्ही म्हणालो, कामाला लागली. मग शिमग्यापासून अंथरूण सोडीना. आम्ही म्हणालो, मोबाईल. सुनेनं अंगारा आणला. मुलगा म्हणाला, बारावी झाली की लग्न लावून टाकू, आपोआप सुधारती. आणि हाताचं कुणी पाहिलंच नाही, कारण पोरगी बाह्या खाली करून भाकरी थापायची.

मी विचारलं, “हे समद्यांनी बघावं म्हणून करती का?”

“दाखवायला केलं असतं तर लपवलं नसतं, आजी,” त्या म्हणाल्या. “आतलं सहन होत नाही म्हणून करते. रागावू नका. लपवायला लावू नका.”

गोळ्या सुरू झाल्या. दर महिन्याला बोलायला जायचं ठरलं. मला वाटलं, आता या माणसाचा पिच्छा सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप आमच्या अंगणात.

“फवारणीचं घरात जेवढं आसंल तेवढं भाईर काढा.”

तुम्ही शेतकऱ्याच्या घरात पाहिलंत तर अर्ध्या-पाऊण बाटल्या कुठंही सापडतील. कोनाड्यात, कणगीमागं. आमच्या तर पोरीच्याच कॉटखाली खोकं होतं, कारण रानातल्या खोपीतून चोरी होते आणि घरात तीच एक जागा कोरडी. बारा वर्षं ती त्या खोक्यावर झोपत होती. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मुलगा आडवा झाला. “माझ्या घरात येऊन मला शिकवणारा तू कोण रं?”

“मी खुळा,” तो म्हणाला. “सर बाजूला.”

“आमी फवारायचं कशानं मग?”

“माझ्या कपाटात तुझ्या नावानं ठेवतो. फवारायचं त्या दिशी यायचं, लागंल तेवढं न्यायचं, उरलं तर सांजच्याला परत.”

“गावात काय तोंड दावू?”

“हाय तेच दाव.”

मुलानं त्याची गचांडी धरली. सून रडायला लागली. शेवटी मीच आत गेले, कॉटखालचं खोकं ओढत ओढत आणलं आणि त्याच्या गाडीत टाकलं. त्याच्यावर प्रेम आलं म्हणून नाही. घरात भांडण करायला वेळ नव्हता.

तिथून पुढं दर बाजाराला एक नवाच ताप. पोरगी माझ्याजवळ येऊन बसली की तो दुकानातून ओरडायचा, “गोळी घेतली का गं?” भर रस्त्यात! मी म्हणायचे, “मेल्या, दवंडी दे अजून.” मग तो स्वतःची गोळी काढायचा, सगळ्यांना दिसेल अशी जिभेवर ठेवायचा आणि चहाबरोबर गिळायचा. “माझी झाली. आता तुझी.” पोरगी हसायची. लोकही हसायचे, “दोन खुळी एका माळेला.” पण हसणाऱ्यांपैकीच एक बाई एकदा भाजी घेता घेता मला हळूच म्हणाली, “ते दौंडच्या डॉक्टरचं जरा सांगा की. आमच्या पोरासाठी.”

सगळं सरळ झालं असं समजू नका. आठ महिन्यांनी पोरीनं पुन्हा हातावर करून घेतलं. मी चुलीपुढं होते. ती येऊन म्हणाली, “आजी, परत झालं.” मी तिचा हात धुतला, फडकं बांधलं, आणि माझा सगळा राग घेऊन त्याच्या दुकानात गेले. “तुझ्या गोळ्या, तुझा डॉक्टर, तुझं कपाट! काय उपेग झाला?”

तो बाटल्या लावत होता. “तुला कसं कळलं?”

“तिनंच सांगितलं.”

“मागच्या टायमाला सांगितलं व्हतं?”

“न्हाई,” मी म्हणाले.

“मग जा घरी. तिच्यापाशी बस. उद्या दौंडला घेऊन जा, गोळी बदलायची आसंल. आन् माझ्यावर वरडायचं ते रविवारी वरड, आज गिऱ्हाईक हाय.”

असा माणूस. चपलेबद्दल मी त्याची माफी मागितली नाही, त्यानंही कधी ते काढलं नाही. पुन्हा कुणी माझ्या नातीचा हात धरताना दिसला तर मी पुन्हा मारीन, विचार नंतर करीन.

मागच्या थंडीत तो गेला. सकाळी शटर उघडताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. दहाव्याला नदीवर आमच्या शेजारची एक बाई दुसरीच्या कानाला लागली, “खुळंच ते. शेवटाला काय तरी औषध पेलाच आसंल.”

मी तिला सगळ्यांदेखत म्हणाले, “पेला न्हाई. हृदयानं गेला. नीट ऐक आन् जिथं उलटं सांगितलंस तिथं जाऊन परत सांग.”

ती उठून दुसरीकडं बसली. बसेना का.

तो आजार त्याला पोरवयापासून होता. तो घेऊन तो नातवंडं होईपर्यंत जगला. माझी नात तेवीस वर्षांची आहे, शिरूरला नोकरी करते, गोळी चालू आहे. तीही जगली.