सहा पार्सलं आणि एक कावळा

वडील गेले तो मंगळवार होता. सकाळी ते दुकानात आले, शटर वर केलं, स्टुलावर बसले आणि गेले. दुकान उघडं होतं आणि दुकानदार नव्हता.

मी अलिबागला ग्रंथपाल आहे. नागावला वडिलांचं किराणा दुकान होतं. गेली काही वर्षं तिथून काय विकलं जात होतं, हे मला त्यांच्या माघारी कळलं. काडेपेट्या.

त्याचं असं झालं. गिऱ्हाइकं फोनवरून सामान मागवू लागली. पण आमच्याकडे घरांना नंबर नाहीत. सुपारीच्या वाडीतून आत, विहिरीपासून डावीकडे, असले पत्ते पार्सलवाल्याला समजत नाहीत. म्हणून सगळ्या आळीने पत्ता म्हणून वडिलांचं दुकान लिहिलं. ज्यांना फोनवर मागवायला जमत नसे त्यांना वडील स्वतःच्या फोनवरून मागवून देत. फळीवर ठेवलेला साबणसुद्धा. मी एकदा त्यांना विचारलं की हे काय करताय.

"तिथं स्वस्त आहे," ते म्हणाले. "उगाच खोटं कशाला बोलायचं?"

पार्सल हातात देताना ते सवयीने विचारत, "आणखी काही?" समोरचा फळ्यांकडे बघे, हातातल्या खोक्याकडे बघे, आणि लाजेखातर म्हणे, "एक काडेपेटी द्या." सगळ्यांकडे गॅसचे लायटर होते. शेजारच्या मावशी बंदरावर मासळी विकतात. त्यांच्या घरी देवघराखाली, कपाटात आणि तांदळाच्या डब्यातही काडेपेट्या सापडत. अलिबागच्या घाऊक व्यापाऱ्याने एकदा वडिलांना दबक्या आवाजात विचारलं होतं, "शेठ, गावात नक्की काय जाळताय?"

तेरावं झालं की दुकान बंद करायचं, असं मी ठरवलं होतं. पर्यटकांना भाड्याने स्कूटर देणारा एक जण तो गाळा मागत होता. हे मी फक्त काकांना सांगितलं. म्हणजे दहाव्यापर्यंत ते सगळ्यांना माहीत झालं.

दहाव्याला आम्ही किनाऱ्यावर गेलो. काकांनी पिंड ठेवला. सुरूच्या झाडांवर पाच-सात कावळे बसले होते. एकही खाली येईना. मागे समुद्रात पर्यटक बोटीला बांधलेल्या रबरी केळ्यावर बसून किंचाळत होते. माझ्या पर्समध्ये वडिलांचा फोन होता, कारण सांत्वनाचे फोनही त्यांच्याच नंबरवर येत होते. लोकांकडे तोच नंबर होता.

अर्ध्या तासाने काकांनी हात जोडले. "दादा, मी तंबाखू सोडतो."

एका कावळ्याने मान वळवली.

"त्याला पन खरं नाय वाटला," मावशी म्हणाल्या.

"दादा, तुझा मोठा फोटो करून लावतो."

"फोटो काय करायचाय त्याला? दुकानाचं बोला की," मावशी म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघू लागले आणि मी वाळूकडे बघू लागले. मला दुकान चालवायचं नव्हतं, आणि वडिलांच्या पिंडासमोर खोटंही बोलायचं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. पार्सलवाला होता. वडिलांना काका म्हणणारा पन्नाशीचा माणूस, आधी ट्रक चालवायचा; रजेवरून आजच परतला होता. "काका, दुकानाला कुलूप कसं?" मी म्हटलं, आम्ही सगळे किनाऱ्यावर आहोत. पाच मिनिटांत तो बगलेत खोका घेऊन वाळूतून चालत आला.

"काका कुठायत?"

माझ्या काकांनी पिंडाकडे बोट केलं.

त्याने हेल्मेट काढलं. पिंडाला हात जोडले. मग हळूच मला म्हणाला, "ताई, फार वाईट झालं. पार्सल त्यांच्या नावावर आहे. ओटीपी लागेल."

"आत्ता?" काका म्हणाले.

"नाही दिला तर परत पाठवावं लागतं. कारण पण टाकावं लागतं." त्याने फोन माझ्यापुढे धरला. घर बंद. पत्ता सापडला नाही. ग्राहकाने नकार दिला. "तुम्हीच सांगा ताई, यातलं काय दाबू?"

मी तिन्ही पर्याय वाचले. एकही खरा नव्हता.

"अरं, माझं मिक्सरचं भांडं हाय त्यात," मावशी म्हणाल्या. "काय दाबू नको."

वडिलांच्या फोनवर आकडे आले. मी ते वाचून दाखवले. भांडं मावशींच्या मांडीवर गेलं. पार्सलवाला हेल्मेट घालता घालता थांबला.

"काकांच्या नावावर अजून सहा यायचीत. ती कुठं देऊ?"

मी वडिलांच्या फोनवर यादी पाहिली. कुणाचा चष्मा होता, कुणाचा गुडघ्याचा पट्टा. नाव प्रत्येकावर वडिलांचंच.

"दुकानातच द्या," मी म्हटलं. "मी उघडेन."

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

"झालं," काका डोळे पुसत म्हणाले. "दिलंस वचन."

"मी सहा पार्सलांचं बोलले, काका."

"कावल्याला मोजता येत नाय, बाय," मावशी म्हणाल्या आणि भांडं घेऊन उठल्या.

मी वाद घातला नाही. ती सहा पार्सलं नेणाऱ्यांनी दुकानातूनच पुढची मागवली. स्कूटरवाल्याला मी नाही म्हणून कळवलं. त्याने पलीकडे गाळा घेतला, आणि त्याची हेल्मेटं आता आमच्याच पत्त्यावर येतात. तीही ओटीपी सांगून सोडवावी लागतात. पहिला खोका न्यायला तो आला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आणखी काही?" तो फळ्यांकडे बघत राहिला. मग त्याने एक काडेपेटी घेतली.

आता मी सकाळी सात ते नऊ दुकान उघडते आणि मग अलिबागला जाते. वडिलांचा फोन चार्ज करून त्यांच्या स्टुलावर ठेवलेला असतो. मी उभी राहते. फळीवर काडेपेट्यांचे तीन खोके आहेत.