अख्खं तिकीट

शिरूर कासारच्या छबुबाईनं तीस वर्षं नवऱ्यासोबत ऊस तोडला. मुकादम नवरा-बायकोला मिळून एक कोयता मोजतो, म्हणजे बाई अर्धीच. यंदा ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी जा," आणि बीडच्या खानावळीत पोळ्या लाटायला एकटी निघाली.

मी एसटीचा कंडक्टर. बायकांना सवलत असते म्हणून अर्धं तिकीट काढलं, तर कडाडली, "अर्धं कावून? मी अख्खी हाय!"

लई समजावलं, ऐकेना. शेवटी वैतागून अख्खं दिलं.

पुढच्या थांब्यावर नेमका तिचा मुकादम चढला आणि शेजारी बसायला लागला. बाईनं तिथं पिशवी ठेवली.

"अर्ध्या तिकिटात एक शीट मिळती. माझं अख्खं हाय. दोन्ही शिटा माझ्या."

मुकादमानं माझ्याकडं बघितलं. मी घंटी मारली. गडी बीडपर्यंत उभाच.