बाबांचा उजवा तळवा

आमच्याकडे भाकरी बाबा थापायचे. आई नर्स होती, तिच्या ड्यूट्या सारख्या बदलायच्या. त्यामुळे कारखान्यातून आले की हातपाय धुऊन बाबाच परातीपुढे बसत. ते मूळचे चंद्रपूरकडचे. विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो थप थप आवाज सुरू झाला की मी अभ्यासाची वही मिटायची.

आई गेली, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या सॉफ्टवेअर कंपनीने मला अमेरिकेला पाठवलं. बाबा एकटे राहिले. फोनवर "जेवलात का?" विचारलं की म्हणायचे, "हो, भाकरी खाल्ली."

मी पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा डब्यात शेजारणीने दिलेल्या पोळ्या होत्या. बाबांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळून बसलं होतं. मी सरळ करायला गेले, तर कातडीखाली ताणलेली दोरीच हाताला लागली.

"दुखतं का?"

"नाही ना. म्हणून तर बोललो नाही."

दुसऱ्याच दिवशी त्यांना हाताच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर अस्सल पुणेरी. बोटं वाकवून पाहत म्हणाले, "अहो, इतके दिवस कशाची वाट पाहत होतात?"

"लेकीची," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी बाबांचा हात टेबलावर उताणा ठेवला. मग त्यांनी समजावलं: टाके नाहीत, दवाखान्यात राहणं नाही. तळवा बधिर करायचा, सुईच्या टोकाने आतली दोरी जागोजागी कमकुवत करायची आणि बोट ओढून सरळ करायचं. "मात्र पुन्हा वळू शकतं. आत्ताच सांगून ठेवतो."

मी बाबांचा डावा हात धरून बसले होते. डॉक्टरांनी बोट ओढलं तेव्हा बारीकसा 'कट्' आवाज झाला आणि बोट उघडलं. करंगळी मात्र थोडी वाकडीच राहिली. बाबा आपल्याच तळव्याकडे बघत राहिले. माझे डोळे भरून आले.

"काहून रडतेस? दुखलं मला, की तुला?"

सुईच्या खुणा भरल्यावर त्यांनी परात काढली. पहिली भाकरी कडेला चिरली. दुसरी छान गोल झाली. त्या दिवशी मी चार भाकऱ्या खाल्ल्या आणि दोन दिवसांनी विमानात बसले.

दर रविवारी कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर बाबा पंजा उघडून धरायचे. "बघ, सरळ आहे." वर्षभराने ते डाव्या हाताने टाटा करू लागले. मी म्हटलं, "बाबा, उजवा दाखवा." ते म्हणाले, "कॅमेऱ्यात नीट दिसत नाहीये गं," आणि पुण्यातल्या उन्हाबद्दल बोलू लागले.

कायमची परत आले तेव्हा दोन्ही बोटं पुन्हा वळली होती. "परत जाऊ या डॉक्टरांकडे," मी म्हणायची. "जाऊ, सावकाश," ते म्हणायचे. मलाही नव्या नोकरीत सवड नव्हती. तो पावसाळा संपायच्या आतच त्यांचं हृदय थांबलं.

बाबांची बोटं उघडली त्या सुट्टीत मी आणखी आठ दिवस मागायला हवे होते. साहेब नाही म्हणाले नसते. मी विचारलंच नाही.