अडकलेली सीट आणि सोडलेला चहा

आमच्या ह्यांना बोलतं करण्यासाठी मी काय काय केलं, ते एक मला ठाऊक आणि एक आई भवानीला. हे हवाई दलातून निवृत्त झाल्यावर आम्ही इकडे उत्तरेतच झिरकपूरला फ्लॅट घेतला, दोघंच राहतो. गेल्या पावसाळ्यात ह्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. आईच्या कृपेनं वाचा शाबूत राहिली, हातही सुधारला, डावा पाय तेवढा कच्चा राहिला. पण माणूस बोलेल तर वाचेचा उपयोग. दिवसभर बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचे आणि एअरपोर्ट रोडवरच्या तुंबलेल्या गाड्या बघत राहायचे. काठी घेऊन जरा खाली चला म्हटलं की मान फिरवायचे. चहा दिला तर घ्यायचे, नाही दिला तर मागायचेही नाहीत. चांगला हसताखेळता माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि मी घाबरले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्या पायाला सायकल चांगली, फक्त सीट इतकी खाली हवी की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मी नवी सायकल आणायला निघाले, तर हे कधी नव्हे ते बोलले. "माझी आहे ना. बसलो तर तिच्यावरच बसेन." ती म्हणजे त्यांची जुनी गियरची सायकल. बदली कुठेही होवो, सामानाच्या ट्रकमधून सगळ्यांत आधी ती उतरायची. ह्यांचे पाय लांब, म्हणून सीट उंच, आणि एकदा बसवलेली ती सीट पुन्हा कुणी हलवलीच नव्हती. आता सीटखालचा दांडा फ्रेमच्या नळीत गंजून असा बसला होता की ढिम्म हलेना. चार बोटं खाली जायला हवा होता, तो केसभरही जाईना. बाकी सायकल झकास होती, आणि हे तिच्याशिवाय दुसरीवर बसणार नव्हते.

सोसायटीत कुणीतरी म्हणालं, तेल सोडा. कुठलं तेल ते मी विचारलं नाही. आमच्या सोलापूरकडे तेल सोडा म्हटलं की हात आपसूक खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. मी चांगलं कोमट करून दांड्याच्या कडेनं ओतलं आणि वर भवानीचं नाव घेतलं. इथल्या थंडीत खोबरेल बाटलीतसुद्धा गोठतं, रोज उन्हात ठेवून मगच मी ते केसांना लावते, पण त्या वेळी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. सकाळी बघते तर कडेला पांढरं मेण. मग सेक्टर बावीसच्या मेकॅनिककडे नेली. त्यानं पाना लावून बराच जोर केला आणि हात टेकले. म्हणाला, "आंटीजी, कहो तो काट दूं. पर फ्रेम बचेगी, ये पक्का नहीं बोल सकता." मी कापू दिली नाही. इंडस्ट्रियल एरियात एक वर्कशॉप आहे, तिथे होईल, असं त्यानंच सांगितलं.

घरी येऊन देवीपुढे बसले आणि तिच्याशी चक्क भांडले. माझी ही खोडच आहे, लहानपणापासून मी तिच्याशी तशीच बोलते. म्हटलं, तुझ्यापुढे रोज दिवा लावते, तुला एवढंसं जमत नाही का? आणि त्या तिरमिरीत अट घातली, की हे सायकलवर बसेपर्यंत मी चहा घेणार नाही. आमच्या घरच्या बायकांची ही जुनी रीत, आवडती वस्तू सोडायची आणि देवाला कामाला लावायचं. माझं तर चहाशिवाय पान हलत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी एकच कप करायला लागले. हे तो प्यायचे, कप खाली ठेवायचे. तुझा कुठे आहे, म्हणून विचारलं नाही. डोकं दुखायचं त्यापेक्षा ते जास्त लागायचं.

पौषातलं शाकंभरी नवरात्र तोंडावर आलं होतं. अष्टमीला घट बसायचे, त्याआधी हे काम उरकावं म्हणून सप्तमीला सायकल ऑटोच्या मागे बांधून मी निघाले. ह्यांच्या पायाचं माप सुतळीवर घेतलं होतं, ती सुतळी पर्समध्ये. इंडस्ट्रियल एरियात उतरले, ऑटो निघून गेला, आणि बघते तर वर्कशॉपला कुलूप. सगळ्या रस्त्यालाच कुलूप. उद्या अष्टमी हे माझ्या डोक्यात पक्कं, पण पौषातली सप्तमी म्हणजे इथलं गुरुपर्व, शिखांच्या गुरूंची जयंती, हे इतकी वर्षं इथे काढून ध्यानात आलं नाही. धुकं इतकं की पलीकडचं गेट दिसेना. तिथेच सायकलला टेकून उभी राहिले आणि डोळ्यांत पाणी आलं. मनात देवीला म्हटलं, बाई, माझं संपलं. आता तुझं तू बघ.

शेजारच्या कारखान्याच्या गेटपाशी लंगर लावला होता. माझ्याच वयाची एक धिप्पाड सरदारीण डोक्यावर ओढणी सावरत आली आणि वाफाळता चहा माझ्यासमोर धरला. मी हात जोडून नको म्हटलं. ती हलेना. म्हणाली, "लंगर को ना नहीं करते, बहनजी." शेवटी मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत नवसाचं सांगितलं, ह्यांचं सांगितलं, सायकलचं सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "चाय छोड़ने को माता ने बोला था, या आपने खुद ही तय कर लिया?"

मी चहाकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "पी लो जी. देने वाली मैं थोड़े ही हूं." एका बाजूला माझा शब्द, दुसऱ्या बाजूला प्रसाद. प्रसादाला नाही कसं म्हणणार? मी ग्लास घेतला. आलं आणि बडीशेप घातलेला, दुधाचा, गोडमिट्ट चहा. पिताना रडत होते आणि लाजही वाटत नव्हती. नवस मोडला होता, तरी कुणीतरी डोक्यावरून हात फिरवावा तसं शांत वाटत होतं.

तो कारखाना तिचाच निघाला. आत सुट्टीमुळे कुणी नव्हतं. "साइकिल का मुझे कुछ नहीं पता," ती म्हणाली, "पर पकड़ने की चीज़ मेरे पास तगड़ी है." टेबलाला जाडजूड लोखंडी वाइस, म्हणजे आवळून धरायचा शिकंजा, बसवलेला होता. आम्ही सीट काढली, सायकल उलटी करून दांड्याचं टोक वाइसमध्ये आवळलं. मी सवयीनं दांड्याशीच झटायला लागले, तर म्हणाली, त्याला राहू दे, सायकल फिरवू. तिनं पुढचं चाक धरलं, मी मागचं. जात्यावर बसल्यासारख्या दोघी ओढत राहिलो, काही होईना. मग ती लंगरातून उकळत्या पाण्याची किटली घेऊन आली आणि नळीवर सावकाश धार धरली. थोड्या वेळानं खोबऱ्याचा वास सुटला. माझं गोठलेलं तेल वितळून फटीत पसरत होतं. "वाहेगुरू," ती म्हणाली. "आई भवानी," मी म्हटलं, आणि जोर लावला. कर्रकन आवाज झाला आणि सायकल बोटभर फिरली. मग मागेपुढे करत दांडा अख्खाच्या अख्खा बाहेर आला. आम्ही दोघी खाली फरशीवर बसून हसत सुटलो. दांडा घासून, ग्रीस लावून, सुतळीच्या मापानं सीट खाली बसवून तिनं माझ्या हातावर लंगरातला कडा प्रसाद, तुपाळ शिरा, ठेवला.

अशा हकिकतींमध्ये मदत करणारं माणूस नंतर सापडत नाही. ही सापडली. नवरात्रातल्या मंगळवारी खण-नारळ घेऊन गेले, तर ऑफिसात फोनवर कुणाला तरी झापत होती. मी ओटी भरते म्हटल्यावर तिनं फोन ठेवला, काही न विचारता ओढणीचा पदर पुढे केला आणि डोळे मिटले. त्या क्षणी माझी ओटी कोण घेत होतं, ते मी सांगायला जात नाही. मला पुरेसं कळलं. मी देवीला आधी तू काम कर, मग मी चहा घेईन असं म्हणत बसले होते, आणि तिनं आधी चहाच हातात दिला. आईशी सौदा करायची गरजच नव्हती. तिच्यावर सोपवून स्वस्थ बसणं तेवढं मला जमत नव्हतं, अजूनही रोज शिकते आहे.

घरी मात्र हे सायकलवर बसेपर्यंत मी एकच कप करत होते. पौर्णिमेला ऊन पडलं. देवीला भाज्यांचा नैवेद्य दाखवून मी सायकल खाली काढली. हे माझ्या मागोमाग लिफ्टनं उतरले, काठीशिवाय. सीटवर बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले बघून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निघाले. सोसायटीच्या बागेला एक फेरी, थोडी वाकडीतिकडी, पण पूर्ण. माझ्यापाशी येऊन थांबले, पाय टेकले. धाप लागली होती, चेहरा उजळला होता.

"चल वर," ते म्हणाले, "चहा टाक. आज दोन कप."